नव्या स्मार्टफोनच्या आगमनाचे भाकीत : गणित, शकुन आणि वचन

१. प्रश्नाचे स्वरूप

भाद्रपद लागला म्हणजे कोल्हापुरात राजारामपुरीतील व महाद्वार रस्त्यावरील दुकानांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘नवा फोन कधी येणार?’ प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्यास मिळणारी उत्तरे एका जातीची नसतात. एक जण मागील वर्षांच्या तारखा मोजून उत्तर देतो. दुसरा कोठेतरी वाचलेल्या वा ऐकलेल्या खुणांवरून अनुमान बांधतो. तिसरा कंपनीने स्वतः सांगितलेल्या तारखेचा हवाला देतो. पहिल्या उत्तराचा आधार गणित, दुसऱ्याचा शकुन आणि तिसऱ्याचा वचन होय. प्राचीन ज्योतिषाच्या स्कंधांपैकी गणित व संहिता या दोहोंचा भेद जाणणाऱ्यास पहिल्या दोन प्रकारांतील अंतर सांगावयास नको. तिसऱ्या प्रकाराचे मात्र शास्त्र नाही. त्याची परीक्षा व्यवहारातच होते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. नव्या प्रतिमानाची घोषणा होताच जुन्याची किंमत उतरविण्याचा प्रघात या व्यापारात रूढ आहे. सबब ऑगस्टच्या अखेरीस घाईने खरेदी करणाऱ्याचे नुकसान होते आणि जे यंत्र येणारच नाही त्याच्यासाठी थांबणाऱ्याचे वेगळ्या प्रकारे होते. भाकिताचा आधार कोणता, हे न कळल्यामुळे होणारे हे नुकसान आहे. म्हणून गेल्या सुमारे दोन दशकांत अशी भाकिते कितपत खरी ठरली, कोठे फसली व का फसली, याचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

२. घोषणा आणि विक्री

प्रथम एक संज्ञा स्पष्ट करणे अगत्याचे आहे. ‘फोन आला’ या वाक्यात दोन घटना एकत्र झालेल्या असतात. पहिली घोषणा, म्हणजे यंत्राचे नाव, गुण व मूल्य जगापुढे मांडणे. दुसरी विक्रीस आरंभ. या दोहोंतील अंतर कधी नऊ दिवसांचे, तर कधी सहा महिन्यांचे असते. पहिल्या आयफोनची घोषणा ९ जानेवारी २००७ रोजी झाली आणि अमेरिकेत त्याची विक्री २९ जून २००७ रोजी सुरू झाली. भारतात तो अधिकृतपणे कधीच विकला गेला नाही.

मराठीत रूढ झालेल्या ‘लाँच’ या शब्दाने हे दोन्ही अर्थ गिळून टाकले आहेत. ‘लाँच झाला’ असे वाचून दुकानी जाणाऱ्यास ‘अजून आलेला नाही’ असे उत्तर मिळते. अशा वेळी वृत्त खोटे नसते आणि दुकानदारही खोटे बोलत नसतो. वास्तविक असा भेद कोल्हापूरच्या कानास अपरिचित नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून चित्रपटधंद्याशी निगडित असलेल्या या नगरात चित्रपटाचा ‘मुहूर्त’ निराळा आणि ‘प्रदर्शन’ निराळे, हे सर्वांस ठाऊक आहे. मुहूर्त झालेला प्रत्येक चित्रपट प्रदर्शित होतोच असे नाही, हेही ठाऊक आहे. फोनच्या बाबतीत ‘घोषणा’ व ‘विक्री’ हे शब्द त्याच काटेकोरपणे वापरले, तर निम्मा गोंधळ नाहीसा होईल.

३. गणिताचा आधार

गणिती भाकितासाठी आवर्तन लागते. असे आवर्तन सर्वांत स्पष्टपणे दिसते ते ॲपल कंपनीच्या आयफोनमध्ये. २००८, २००९ व २०१० या तीन वर्षी नव्या आयफोनची घोषणा अनुक्रमे ९ जून, ८ जून व ७ जून रोजी झाली. तीन वर्षांच्या या अनुभवावरून २०११ च्या जूनचे भाकीत करणे सोपे होते. पण ते फसले. घोषणा झाली ती ४ ऑक्टोबर २०११ रोजी. शिवाय ज्याचे नाव ‘आयफोन ५’ असेल असे सर्वत्र बोलले जात होते, तो ‘आयफोन ४ एस’ या नावाने आला. केवळ तीन आवर्तनांवर उभारलेले गणित किती कच्चे असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्यानंतर मात्र आवर्तन पक्के झाले. २०१२ ते २०२५ या चौदा वर्षांपैकी तेरा वर्षी मुख्य आयफोनची घोषणा सप्टेंबरच्या ७ ते १४ या तारखांच्या आत झाली. या तेरांपैकी सात वेळा मंगळवार होता, पाच वेळा बुधवार आणि केवळ एकदा, ९ सप्टेंबर २०२४ रोजी, सोमवार. घोषणेनंतर नऊ ते अकरा दिवसांनी येणाऱ्या शुक्रवारी पहिली विक्री, हाही क्रम जवळजवळ अबाधित राहिला. २०१५ मध्ये तेवढे हे अंतर सोळा दिवसांचे होते. एकाच वेळी घोषित झालेल्या प्रतिमानांपैकी एखादे मागे ठेवले गेल्याची उदाहरणेही आहेत. १२ सप्टेंबर २०१७ रोजी घोषित झालेला आयफोन टेन ३ नोव्हेंबरला विक्रीस आला.

या नियमिततेचे कारण ग्रहगतीत नसून हिशेबाच्या वह्यांत आहे. अमेरिकेत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिनाची सुटी असते. ती संपल्यावर बाजार पुन्हा जागा होतो. ॲपलचे आर्थिक वर्ष सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी संपते. त्यापूर्वी विक्री सुरू झाली तर तिचा काही भाग त्या वर्षात धरता येतो. पुढे थँक्सगिव्हिंग व नाताळ या सणांच्या खरेदीसाठी माल सर्वत्र पोहोचलेला असावा लागतो. जोपर्यंत ही कारणे टिकून आहेत, तोपर्यंत आवर्तन टिकते. कारण हलले की आवर्तन मोडते.

ते २०२० मध्ये मोडले. कोविडच्या साथीमुळे त्या वर्षी घोषणा १३ ऑक्टोबरला झाली. तथापि हे अंधारात घडले नाही. जुलैच्या अखेरीस कंपनीच्या वित्तप्रमुखांनीच या वर्षी माल काही आठवडे उशिरा उपलब्ध होईल असे जाहीर केले होते. ज्याने केवळ मागील तारखा मोजल्या त्याचे भाकीत चुकले. ज्याने तारखांमागील कारणाकडे लक्ष ठेवले त्याचे चुकले नाही.

४. भारतातील विलंबाचा इतिहास

कोल्हापूरच्या ग्राहकास अमेरिकेतील तारखेपेक्षा भारतातील तारीख महत्त्वाची. या दोहोंतील अंतराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. आयफोन ३ जी अमेरिकेत ११ जुलै २००८ रोजी व भारतात २२ ऑगस्ट २००८ रोजी विक्रीस आला. अंतर सहा आठवडे. त्या वेळी एअरटेल व व्होडाफोन या दूरसंचार कंपन्यांच्या द्वारे तो विकला गेला आणि त्याच्या कमीत कमी साठवणक्षमतेच्या यंत्राची किंमत ३१,००० रुपये होती. पुढील दोन यंत्रांच्या बाबतीत विलंब वाढला. ३ जीएस सुमारे नऊ महिन्यांनी, मार्च २०१० मध्ये आला. आयफोन ४ तर सुमारे अकरा महिन्यांनी, मे २०११ मध्ये. तो येथे पोहोचला तेव्हा त्याच्यानंतरच्या यंत्राची चर्चा सुरू झालेली होती.

२०११ नंतर हे अंतर कमी होत गेले, आणि कमी होतानाही ते पूर्ण आठवड्यांनी मोजता येते, कारण दोन्हीकडे विक्री शुक्रवारीच सुरू होत असे. ४ एस, ५ आणि ५ एस या तिन्ही यंत्रांच्या बाबतीत अंतर नेमके सहा आठवड्यांचे राहिले. २०१४ मध्ये ते चार आठवडे झाले. २०१५ व २०१६ मध्ये तीन. २०१७ मध्ये आयफोन ८ च्या वेळी ते एका आठवड्यावर आले व २०२० पर्यंत मुख्य यंत्रांच्या बाबतीत तेथेच थांबले. २४ सप्टेंबर २०२१ रोजी आयफोन १३ अमेरिकेत व भारतात एकाच दिवशी मिळू लागला. तेव्हापासून २०२५ पर्यंत अंतर शून्य आहे.

या बदलाची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. २०१७ मध्ये बंगळूर येथे आयफोनची जुळणी सुरू झाली. पुढे तमिळनाडूत ती वाढली. २३ सप्टेंबर २०२० रोजी कंपनीने भारतात स्वतःचे ऑनलाइन विक्रीकेंद्र उघडले. १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात तिचे भारतातील पहिले दुकान सुरू झाले. दूरसंचार कंपन्यांच्या मार्फत उशिरा पोहोचणारा माल आता उत्पादकाच्या स्वतःच्या मार्गाने येऊ लागला, हे त्यांतील मुख्य सूत्र म्हणता येईल.

५. दोन पंचांगे

या ठिकाणी महाराष्ट्राच्या दृष्टीने एक लक्षणीय गोष्ट घडली आहे. विलंब होता, तोपर्यंत भारतातील विक्रीचा दिवस येथील सणांच्या जवळ पडत असे. आयफोन ५ एस १ नोव्हेंबर २०१३ रोजी आला. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. २०१४ मधील विक्री दसरा व दिवाळी यांच्या मधल्या काळात सुरू झाली. २०१५ व २०१६ मध्ये ती नवरात्रात पडली आणि २०१७ मध्ये २९ सप्टेंबरला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी. साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा व दिवाळीचा पाडवा हे दोन मुहूर्त त्यामुळे आपोआप साधले जात.

विलंब एका आठवड्यावर आला आणि पुढे नाहीसा झाला, तेव्हा अमेरिकेचे व्यापारी पंचांग व येथील चांद्र पंचांग समोरासमोर आले. सप्टेंबरचा उत्तरार्ध म्हणजे बहुधा भाद्रपद वद्य पक्ष, अर्थात पितृपक्ष. या पंधरवड्यात नवी वस्तू घेऊ नये असा संकेत अनेक घरांतून पाळला जातो. २०१८, २०१९, २०२१, २०२२, २०२४ व २०२५ या सहा वर्षी मुख्य आयफोनच्या भारतातील विक्रीचा पहिला दिवस पितृपक्षातच पडला. अपवाद दोन. २०२० मध्ये साथीमुळे विक्री ३० ऑक्टोबरला, कोजागरीच्या सुमारास सुरू झाली. आणि २०२३ मध्ये श्रावण अधिक असल्यामुळे भाद्रपदच पुढे सरकला व २२ सप्टेंबर हा दिवस गणेशोत्सवात आला. अधिकमास भाद्रपदापूर्वी येतो की नाही, यावरून त्या वर्षीचा सप्टेंबरातील शुक्रवार पितृपक्षात पडण्याचा संभव बराचसा आधी सांगता येतो. अमेरिकेतील कंपनीने कोणतेही पंचांग न पाहता ठरविलेल्या तारखेचा येथील अर्थ पंचांगाशिवाय लागत नाही.

याचा परिणाम असा की, संकेत पाळणाऱ्या घरात घोषणा आणि विक्री यांच्या जोडीला खरेदी ही तिसरी घटना वेगळी उभी राहते. दसऱ्याच्या दिवशी दसरा चौकात सोने लुटून झाल्यावर घेतलेला फोन विक्रीस येऊन काही आठवडे लोटलेले असतात. ऊसपट्ट्यातील कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक वेळापत्रक विचारात घ्यावे लागते. गळीत हंगाम सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावयाचे असतात. म्हणजे हातात पैसा येण्याची वेळ मार्गशीर्षाकडे झुकते. अशा ग्राहकास ‘फोन कधी निघणार’ यापेक्षा ‘आपल्याला परवडेल त्या वेळी त्याची किंमत काय असेल आणि त्याच्या जागी दुसरा केव्हा येईल’ हे समजणे अधिक मोलाचे आहे. भाकितांच्या मथळ्यांत या प्रश्नास क्वचितच स्थान मिळते.

६. शकुनाचा आधार

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेची लक्षणे सांगितली असून गर्भधारणेपासून १९५ दिवसांनी पाऊस पडतो असा नियम दिला आहे. खूण आधी व फल ठरावीक काळाने नंतर, ही या विचाराची घडण होय. फोनविषयीच्या शकुनांची घडणही तशीच आहे. फरक इतकाच की येथील खुणा आकाशात नसून सरकारी नोंदवह्यांत असतात.

भारतात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला व पुढे भ्रमणध्वनींचा त्यात समावेश झाला. त्यामुळे विक्रीपूर्वी यंत्राची चाचणी होऊन भारतीय मानक ब्यूरोकडे त्याचा प्रतिमान-क्रमांक नोंदवावा लागतो. ही नोंद कोणासही पाहता येते. अमेरिकेत फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन व युरेशियन आर्थिक संघात त्याचा आयोग अशाच नोंदी ठेवतात. असा क्रमांक नोंदवहीत दिसला म्हणजे यंत्र अस्तित्वात आहे व विक्रीची तयारी चालू आहे, एवढे निश्चितपणे म्हणता येते. तारीख मात्र त्या नोंदीत नसते; ती वाचणारा आपल्या अनुभवाने घालतो.

कधी यंत्रच प्रत्यक्ष बाहेर पडते. १९ एप्रिल २०१० रोजी गिझमोडो या संकेतस्थळाने कॅलिफोर्नियातील एका मद्यगृहात राहून गेलेल्या आयफोनची छायाचित्रे प्रसिद्ध केली. ४९ दिवसांनी, ७ जून रोजी, आयफोन ४ ची घोषणा झाली. यंत्राच्या रूपाविषयी शंका उरली नाही. तरीही भारतातील ग्राहकास त्या यंत्रासाठी पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत थांबावे लागले. शकुन खरा असूनही भाकीत निरुपयोगी ठरू शकते, ते असे.

७. वचनाचा आधार

सामान्य समजूत अशी की, कंपनीनेच तारीख सांगितली म्हणजे भाकिताची गरज संपली. इतिहास या समजुतीस पुष्टी देत नाही.

सॅमसंग कंपनीने २ ऑगस्ट २०१६ रोजी गॅलक्सी नोट ७ ची घोषणा केली. भारतात विक्रीसाठी २ सप्टेंबर हा दिवस ठरला व किंमत ५९,९०० रुपये सांगण्यात आली. परंतु विद्युत्कोष पेट घेऊ लागल्याने त्याच दिवशी कंपनीने जगभरातील यंत्रे परत मागविली आणि ११ ऑक्टोबर रोजी उत्पादन कायमचे थांबविले. तो दिवस दसऱ्याचा होता. घोषित झालेला, तारीख व किंमत ठरलेला हा फोन भारतात विकलाच गेला नाही. या घटनेचे पडसाद पुढील वर्षीही उमटले : आधीच्या वर्षी २१ फेब्रुवारीस घोषित झालेल्या गॅलक्सी एस मालिकेतील पुढचे यंत्र २०१७ मध्ये २९ मार्चला घोषित झाले.

दुसरे उदाहरण मुहूर्ताचे आहे. रिलायन्स कंपनीने २४ जून २०२१ रोजी जिओफोन नेक्स्टची घोषणा केली आणि विक्रीसाठी गणेश चतुर्थीचा, म्हणजे १० सप्टेंबरचा, दिवस जाहीर केला. ऐन चतुर्थीच्या सुमारास, जगभर अर्धवाहक घटकांची टंचाई असल्याने विक्री दिवाळीत सुरू होईल असे सांगण्यात आले. ती ४ नोव्हेंबर रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुरू झाली व किंमत ६,४९९ रुपये ठरली. एक मुहूर्त हुकला, दुसरा साधला. येथे सण हा भाकिताचा आधार नव्हे. सण हे कंपनीने आपल्या वचनास दिलेले वेष्टन होते.

तिसरे उदाहरण अधिक खेदाचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडा येथील रिंगिंग बेल्स या कंपनीने ‘फ्रीडम २५१’ या नावाने अवघ्या २५१ रुपयांचा स्मार्टफोन घोषित केला व जूनअखेरपर्यंत यंत्रे पोहोचविण्याचे आश्वासन दिले. मागणीचा असा लोंढा आला की नोंदणीचे संकेतस्थळ बंद पडले. ज्या प्रमाणात आश्वासन दिले गेले त्या प्रमाणात ते कधीच पुरे झाले नाही. या प्रकरणी मागील तारखांचे गणित नव्हते, उत्पादनाच्या खुणा नव्हत्या. केवळ वचन होते. ज्या भाकितास गणिताचा व शकुनाचा दुजोरा नाही, ते वचनकर्त्याच्या शब्दाइतकेच बळकट असते.

८. भाषेचा विचार

आता या प्रश्नाची भाषिक बाजू. भविष्यकालीन घटनेविषयी बोलताना विधानामागील आधार दर्शविण्याची सोय मराठीत उत्तम आहे. ‘सप्टेंबरात यावा’ या रूपात वक्ता मागील अनुभवावरून अपेक्षा करतो. हे गणिताचे रूप होय. ‘येईलसे दिसते’ यात डोळ्यांपुढील खुणेवरून केलेले अनुमान आहे. हे शकुनाचे रूप. ‘येणार’ यात ठरलेल्या गोष्टीचे कथन आहे; कोणीतरी ते ठरविले आहे असे त्यातून सूचित होते. ‘येईल’ हे साधे भविष्य असून त्यात निश्चितता व संभव या दोहोंस वाव असतो. आणि यांपैकी कोणत्याही रूपापुढे ‘म्हणे’ हा शब्द आला की वक्ता विधानाची जबाबदारी स्वतःवरून काढून ऐकीव माहितीकडे सोपवितो. ‘दसऱ्याला येणार म्हणे’ यात एक ठरलेली गोष्ट आहे. पण ती ठरल्याचे वक्त्याने केवळ ऐकले आहे. कोल्हापूरकडील बोलीत हाच शब्द ‘म्हणं’ या रूपाने सर्रास वापरात आहे : ‘नवा फोन येणार हाय म्हणं.’ बाजारातील अशिक्षित मानला जाणारा वक्ताही आपल्या बातमीचे मोल या एका शब्दाने अचूक सांगतो.

फोनविषयक मराठी वृत्तलेखनात हा शब्द जवळजवळ आढळत नाही. त्याची जागा ‘अपेक्षित आहे’ या प्रयोगाने घेतली आहे. हा प्रयोग कर्मणी असून त्यात अपेक्षा करणारा कोण हे सांगितलेले नसते. चौदा वर्षांच्या तारखांवरून अपेक्षा बांधली गेली, की मानक ब्यूरोच्या नोंदीवरून, की कोणा अज्ञात व्यक्तीच्या कथनावरून, हे वाचकास कळत नाही. ‘यावा’, ‘येईलसे दिसते’ आणि ‘येणार म्हणे’ या तीन भिन्न मोलांच्या विधानांस एकच भाव मिळतो. त्यापुढची पायरी मथळ्याची : तेथे ‘अपेक्षित’ हा शब्दही गळतो आणि ‘या दिवशी येणार’ एवढेच उरते. ऐकीव गोष्ट दोन पायऱ्यांत वचन बनते. आणि ते वचन कंपनीने दिलेले नसते.

९. तात्पर्य

उपरिनिर्दिष्ट इतिहासावरून काही गोष्टी निश्चितपणे हाती लागतात. दीर्घ आवर्तनावर आधारलेले भाकीत सर्वांत भरवशाचे असते. परंतु आवर्तनामागील कारण कायम आहे तोपर्यंतच. नोंदवहीतील खुणांवरून यंत्राचे अस्तित्व सांगता येते, दिवस सांगता येत नाही. कंपनीने जाहीर केलेली तारीखही विक्री प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत वचनच राहते. आणि परदेशातील तारखेवरून येथील खरेदीचा दिवस ठरत नाही. त्यासाठी येथील पंचांग, हंगाम व हाती येणारा पैसा पाहावा लागतो.

ग्राहकाने यातून भविष्यवेत्ता व्हावे असे नाही. पुढील वेळी ‘नवा फोन अमुक दिवशी येणार’ असे वाचनात आले, तर त्या वाक्यापुढे मनातल्या मनात ‘म्हणे’ हा शब्द लावून पाहावा. वाक्य तरीही खरे वाटत असेल, तर त्यामागे गणित आहे, खूण आहे की कोणाचे वचन आहे, एवढे विचारावे. या तिन्हींपैकी काहीच सापडत नसेल, तर जुना फोन दुरुस्त करून घेणे हेच तूर्त शहाणपणाचे होय.